त्रेसष्टावं नाणं

कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येणारच, अशी म्हण आहे. ज्यानं कुणी ती काढली, त्याला या सुनेकडे बघायला बोलवायला हवं होतं. संग्रहालयाच्या मागच्या पडवीत ती सकाळी नऊपासून खापऱ्यांच्या ढिगात बसलेली असायची. पुढ्यात पाण्याचे दोन टब, हातात दात घासायचा ब्रश, आणि भिंतीला टेकून पोत्यांवर पोती फुटकं. आणि ते फुटकं तरी कुठलं? सासरच्याच मातीच्या खाणीतलं. ज्या खाणीवर तीन पिढ्यांचं चाक फिरलं, तिला हिवाळ्यात तारेचं कुंपण पडलं. जुन्या वस्तू निघतात, खणायला बंदी, अशी पाटी लागली. आणि तिथं निघालेल्या खापऱ्या धुवायला त्याच घरातली सून रोजावर लागली. लोक हसायचे. हसू देत, हसणाऱ्याचेच दात दिसतात, असं ती म्हणायची, पण आतून जळायची.

माती काढायचे दिवस उन्हाळ्याचे. एकदा पाऊस लागला की खाण तळ्यासारखी भरते आणि मग वर्षभर कुणाच्या बापाला तिथली माती मिळत नाही. पावसाला तीन आठवडे राहिले होते. घरचं चाक गोणपाट पांघरून पडवीत पडलं होतं. नवरा वीटभट्टीवर विटा वाहायला जायचा आणि संध्याकाळी मानेची सालटी निघालेली दाखवायचा. घडवणाऱ्या हातांना ओझ्याला लावलं की ते रडतात, असं तो म्हणे. तसं तर तोही रडतच होता.

कुंपण निघायला एकच वाट होती. 'आता त्या खाणीत जपण्यासारखं काही उरलेलं नाही' असं पत्र संग्रहालयानं वरच्या कचेरीला पाठवायचं. ते पत्र लिहिणार भिंगवाले. भिंगवाले म्हणजे संग्रहालयाचे प्रमुख; गळ्यात काळ्या दोरीला भिंग अडकवून हिंडायचे म्हणून हे नाव. दिवाळखोर माणसानं सावकाराला उद्याची आशा दाखवावी तसे ते गेले चार महिने 'लिहितो, लिहितो' म्हणत होते. आणि रोज संध्याकाळी ती निघाली की दारात उभे राहून म्हणायचे, "डबा उघड बघू. पिशवी झटक."

ती डबा उघडायची, पिशवी उलटी करून झटकायची. संग्रहालयात आणखी दोघं रोजावर होते, पण त्यांच्या पिशव्या कुणी झटकत नव्हतं. कारण त्यांचे सासरे 'त्रेसष्ट' नव्हते.

म्हाताऱ्याचं हे गावातलं नाव. चाळीस वर्षांपूर्वी त्याच खाणीत त्याच्या कुदळीला एक मडकं लागलं. आत तांब्याची नाणी, हिरवी पडलेली. त्यानं ओरडा केला नाही की लपवलंही नाही. पंचांना बोलावून आणलं. पंचांनी नाणी मोजली आणि कागद केला, नाणी त्रेसष्ट. मग तो ते मडकं डोक्यावर घेऊन दीड कोस चालत संग्रहालयात गेला. तिथं पुन्हा मोजली, ती बासष्ट भरली. एवढंच. कुणी त्याला पोलिसात दिलं नाही, कुणी तोंडावर चोर म्हटलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून 'काय त्रेसष्ट, कसं काय?' सुरू झालं ते आजतागायत.

सुनेलाही लग्न ठरतानाच कुणीतरी कानात सांगितलं होतं, घर बरं आहे, म्हातारा मात्र एक नाणं दाबून बसलाय. नऊ वर्षांत तिनं त्या घराचा कोपरा न् कोपरा झाडला होता, आणि झाडताना एक डोळा त्या नाण्यासाठी उघडा ठेवला होता. हे ती मेली तरी कुणाला सांगणार नव्हती.

वरच्या कचेरीतून तपासणीच्या बाई आल्या त्या आठवड्यात हे सगळं पुन्हा वर आलं. बाई बारीक, केस कापलेले, पाण्याची बाटली स्वतःची. भिंगवाल्यांनी चहा मागवला तर "मी तपासणीत घेत नाही" म्हणाल्या आणि कप तसाच साय धरत राहिला. त्यांनी एका पेटीतून इवलासा तराजू काढला आणि नाण्यांच्या खोलीतली लोखंडी कपाटं एकेक करून उघडायला लावली. त्या खोलीला डांबराच्या गोळ्यांचा वास होता. कागदाच्या पाकिटात एकेक नाणं, पाकिटावर आकडा. बाई चिमट्यानं नाणं काढायच्या, तोलायच्या, वहीत बघायच्या, टिक करायच्या. दिवसभरात दहा शब्द बोलल्या असतील. त्यातले सहा 'पुढचं'.

हात कमी पडतात म्हणून सुनेला पडवीतून आत बोलावलं होतं. दगडी मुंडकी, मण्यांचे ट्रे, तांब्याची कडी, जे सांगतील ते उचलायचं आणि फडक्यानं पुसून टेबलावर ठेवायचं. चौथ्या दिवशी खाणीतल्या नाण्यांचा ट्रे आला. एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला झाड. जेमतेम बोटाच्या पेराएवढं नाणं. याच्यासाठी चाळीस वर्षं, असं तिच्या मनात आलं.

बाईंनी बासष्ट तोलली आणि मग फाइलीतून एक पिवळा कागद काढला.

"पंचांच्या कागदावर त्रेसष्ट आहेत. तुमच्या वहीत बासष्ट."

"जुनी गोष्ट आहे मॅडम," भिंगवाले म्हणाले. "आमच्याकडे आली तीच बासष्ट. माझ्या आधीचे साहेब होते तेव्हा. आणणाऱ्यानं वाटेत…" पुढचं ते बोलले नाहीत, हातानंच दाखवलं.

"आणणारा कोण?"

भिंगवाल्यांनी हनुवटीनं तिच्याकडे दाखवलं. "हिचे सासरे."

तिच्या दोन्ही हातात ट्रे होता, म्हणून तिला कुठं बघावं ते कळेना. बाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. चार दिवस त्या तिच्याकडून सामान उचलून घेत होत्या, पण नजर आज पहिल्यांदा टाकली, आणि तीही अशी.

"मडकं कुठंय?" बाईंनी विचारलं.

"मडक्याचं काय मॅडम, साधं मडकं आहे. उगाच हाताळलं तर—"

"आणा."

भिंगवाले स्वतः उठले, मग पुन्हा बसले, मग म्हणाले, "जपून आणा हो." एरवी ते तिला अहो-जाहो करत नसत. हे तिच्या लक्षात आलं, पण तेवढ्यापुरतंच.

मडकं समोरच्या दालनात काचेच्या पेटीत होतं. खाली पाटी, दोन हजार वर्षांपूर्वीचं. तिनं काच सरकवली आणि कुंभाराघरचं माणूस उचलतं तसं उचललं, चार बोटं गळ्याच्या आत, अंगठा बाहेर, दुसरा हात बुडाखाली. आणि उचलता उचलता जागीच थांबली.

गळ्याच्या आत तिच्या बोटांना दोन रेषा लागल्या. जोडीनं जाणाऱ्या, बारीक, शेवटपर्यंत एकमेकींना सोडत नाहीत अशा. नऊ वर्षं ती घरातलं प्रत्येक मडकं आतून घासत आली होती. प्रत्येकात या दोन रेषा होत्या. तरुणपणी म्हाताऱ्याच्या उजव्या अंगठ्यावर जातं पडलं होतं, नख मधोमध चिरलं आणि दुभंगूनच वाढलं. चाकावर मडक्याचा गळा आवळताना त्या अंगठ्याचं नख आत टेकतं, आणि मातीत एकाच्या दोन रेषा उमटतात.

तिनं बोटं पुन्हा फिरवली. मग हात खोल घातला. बुडाशी एक चीर लागली, चीर म्हणजे एक नव्हे, मध्यापासून पाच-सहा बाजूंना फुटलेल्या केसांएवढ्या चिरा.  दोन हजार वर्षांपूर्वी तिचा सासरा काही जन्मला नव्हता.

मडकं तिनं नेऊन टेबलावर ठेवलं. बाईंनी बॅटरी लावून आत बघितलं, नाणं काही दिसलं नाही, "पुढचं," म्हणाल्या. भिंगवाल्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. ती ट्रे आवरायला लागली. संध्याकाळी दारात डबा उघडून दाखवताना तिला पहिल्यांदा वाटलं, की बाबा रे, झटकायची पिशवी भलत्याच कुणाची आहे.

घरी येऊन तिनं पाण्याच्या माठात कोपरापर्यंत हात घातला.

"अगं, पाणी घ्यायला ओगराळं आहे ना," नवरा म्हणाला.

"बघत होते."

"काय बघत होतीस? मासे?"

 त्याच दोन रेषा होत्या. जेवताना ती म्हाताऱ्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली. म्हातारा मान खाली घालून, घास मोजून खाल्ल्यासारखा जेवायचा. हा माणूस रोज आपल्यासमोर बसून जेवतो आणि आपल्याला याचं काही म्हणजे काही माहीत नाही, असं तिला वाटलं. संग्रहालयातलं खरं मडकं गेलं कुठं? कुणी विकलं? भिंगवाल्यांनी आणि यानं मिळून? मग नाणंही यानंच. नाणं दाबणारा मडकं सोडतो होय. तिला त्याचा राग आला, आणि राग येतोय याची लाजही वाटली, कारण दोन्ही पोरींना खांद्यावर घेऊन हिंडवलेला माणूस होता तो.

ताटं उचलायच्या आधीच भिंगवाले दारात आले. चप्पल न काढता उंबऱ्याबाहेर उभे राहिले. बसा म्हटलं तर बसले नाहीत, पाणी दिलं तर भांडं नुसतं हातात धरलं. खिशातून एक घडी घातलेला कागद काढला.

"आबा, तपासणीच्या बाईंना एका नाण्याचा हिशोब लागत नाहीये. तो लागल्याशिवाय त्या खाणीच्या पत्रावर सही करायच्या नाहीत. मी म्हणतो, लिहून द्या, एक नाणं माझ्याकडून वाटेत गहाळ झालं. चोरलं असं नाही लिहिलेलं, गहाळ. चाळीस वर्षं झाली, तुमचं वय झालं, तुम्हाला कोण काय करतंय? उद्या येऊन अंगठा द्या, परवा मी खाणीचं पत्र त्यांच्या हातातच देतो. पावसाच्या आत कुंपण निघेल."

नवऱ्यानं म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हातारा आपल्या पायाच्या बोटांकडे बघत होता.

"कागद ठेवा," तो म्हणाला. "उद्या येतो."

भिंगवाले लगेच वळले. एवढा वेळ त्यांनी म्हाताऱ्याच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, सून मनात म्हणाली. पण चोर एक की दोन, एवढंच तिला कळत नव्हतं.

"देऊन टाकू दे अंगठा," नवरा तिला म्हणाला. "लोक म्हणतातच आहेत. कागदावर आलं तर कुठं आभाळ कोसळणार आहे?"

"म्हणणं वेगळं आणि अंगठा वेगळा."

"तुला काय जातंय बोलायला. विटा मी वाहतोय." मग थांबून म्हणाला, "का तूच त्या बाईंपाशी काही बोललीस? चाळीस वर्षांत कुणी कागद उघडला नाही, आणि तू तिथं लागल्यावरच बरा उघडला."

हे तिच्या फार जिव्हारी लागलं. बाहेर डबा उघडून दाखवायचा आणि घरात मन उघडून दाखवायचं, असं जगायचं तरी कसं? तिनं ताटं उचलली. तो मग भिंतीकडे तोंड करून पडला, मानेला तेल लावायलाही त्यानं सांगितलं नाही.

सकाळी ती उठून बाहेर आली तर म्हाताऱ्यानं चाकावरचं गोणपाट काढलं होतं आणि तो खुंट्याला तेल घालत बसला होता. मातीचा पत्ता नाही आणि चाकाला तेल. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि त्याच्या पुढ्यात उकिडवी बसली.

"आबा, संग्रहालयातलं मडकं तुम्ही केलंय."

त्यानं तेलाची वाटी खाली ठेवली. "कुणी सांगितलं?"

"तुमच्या अंगठ्यानं."

म्हातारा अंगठ्याकडे बघून जरासा हसला. चहाडखोराला बघून हसावं तसा. "बारा वर्षं झाली. तू तेव्हा या घरात नव्हतीस, तुझा नवरा बाहेरगावी कामाला होता. भिंगवाले आले, पिशवीत खापऱ्या घेऊन. पेटी हलवताना हातातून पडलं म्हणाले. नोकरी जाईल म्हणाले. रडत होते गं. आबा, होतं तसं करून द्या आणि कुठं बोलू नका. मी म्हटलं, देतो."

"मग?"

"मग काय. दिलं."

"अहो, त्यांनी जोडून मागितलं असेल."

"जोडून?" म्हाताऱ्याला हे खरंच कळलं नाही. "जोडलेल्या मडक्याला मडकं म्हणतात का? त्यात पाणी ठरेल? सगळ्या खापऱ्या कुटल्या, एक कपची बाहेर टाकली नाही. कूट चाळलं, त्याच खाणीच्या मातीत कालवलं. आपण घालतोच की खापरीचं कूट, माती धरून ठेवायला. पोटाचा घेर काठीनं मापून ठेवला होता. तोच घेर, तीच माती, तीच खापरी. आता सांग, ते मडकं दुसरं कसं?"

 दोन हजार वर्षांचं मडकं या माणसानं उखळात घालून कुटलं होतं, आणि चांगलं काम केलं म्हणून बारा वर्षं गप्प बसला होता. आणि तिला त्यात काही वावगं सापडत नव्हतं, हीच पंचाईत. तीही कुंभाराचीच सून.

"भिंगवाले काय म्हणाले बघून?"

"मडक्याकडे बघत बसले. मग घेऊन गेले. त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचे नाहीत."

"आणि नाणं, आबा?"

म्हाताऱ्यानं वाटी उचलली आणि पुन्हा खुंट्याला तेल सोडायला लागला. "नाणं होतं तिथं आहे," तो म्हणाला, आणि पुढं कितीही विचारलं तरी तोंड उघडेना.

संग्रहालयात जाताना तिघं एकामागं एक चालत होती. पुढं म्हातारा, कागदाची घडी मुठीत. मागं नवरा, अर्धा दिवस बुडवून आलेला. सगळ्यात मागं ती. होतं तिथं आहे. कुठं होतं? खाणीत? खुंटीवर? घरात? रस्त्याच्या कडेला कुणीतरी हाक मारली, "काय त्रेसष्ट, आज वरातीनं?" म्हाताऱ्यानं नेहमीसारखा हात वर केला. तिला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. आणि तेवढ्यात, चालता चालता, तिच्या बोटांना ते बूड आठवलं. मध्यापासून फुटलेल्या त्या चिरा.

मातीत खडा राहिला की असं होतं. भट्टीत माती आकसते, खडा आकसत नाही, मग माती त्याच्याभोवती चिरते. नवशिक्याच्या मडक्यांना होतं हे. पण म्हाताऱ्याच्या मातीत खडा? तो माती तीनदा तुडवायचा, बोटांनी चाळल्यासारखी निवडायचा. आणि चुकून झालंच, तर चिरलेलं मडकं तो घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, स्वतः फोडायचा. चीर असलेलं हे एकच मडकं त्यानं बाहेर जाऊ दिलं होतं.

नाण्यांच्या खोलीत टेबल आवरून ठेवलं होतं. एका कोपऱ्यात मडकं होतं, वर आकड्याची चिठ्ठी. भिंगवाल्यांनी कागद उलगडून ठेवला, शाईचा पॅड उघडला. बाई खुर्चीत मागं टेकून बघत होत्या. एवढ्या पटकन कबुली देणारा माणूस त्यांनाही पटलेला नसावा.

"आजोबा, यात काय लिहिलंय माहीत आहे?"

"हो."

"एक नाणं तुमच्याकडून हरवलं."

 म्हाताऱ्यानं उजवा अंगठा पॅडवर दाबला. भिंगवाले कागद पुढं सरकवत होते, नवरा खाली बघत होता, आणि तिला तो अंगठा दिसला, निळ्या शाईत माखलेला, मधोमध दुभंगलेला.

तिनं पुढं होऊन सासऱ्याचं मनगट धरलं. नऊ वर्षांत तिनं त्याच्या अंगाला कधी हात लावला नव्हता. तो दचकला.

"मॅडम," ती म्हणाली, "आधी त्या मडक्याच्या गळ्यात बोट फिरवून बघा. आणि मग हा अंगठा बघा."

"अहो काय चाललंय," भिंगवाले उठले. "रोजावरच्या बाईनं—"

"तुम्ही बसा," बाई म्हणाल्या. त्यांनी बोटं आत घातली. फिरवली. थांबल्या. मग म्हाताऱ्याचा हात धरून खिडकीच्या उजेडात नेला आणि बराच वेळ बघितला. त्यांचे कान लाल झाले. काल त्यांनी ज्याच्या आकड्यापुढं टिक केली होती, ते मडकं शेजारच्या गावात केलेलं होतं.

मग सगळं बाहेर आलं. आणि सांगितलं ते म्हाताऱ्यानं नाही. तो शब्द दिला होता म्हणून गप्पच. भिंगवाल्यांनीच सांगितलं, खुर्चीत बसून, भिंगाची दोरी बोटाला गुंडाळत. "मी जोडून मागितलं होतं," ते दोनदा म्हणाले. "मी फक्त जोडून मागितलं होतं."

"म्हणजे मूळ मडकं तुम्ही फोडलंत, यांनी कुटलं, आणि नाणं तरीही नाहीच," बाई म्हणाल्या. आता त्या सगळ्यांकडेच सारख्या संशयानं बघत होत्या. "नाणं कुठंय?"

"बुडात आहे," सून म्हणाली.

"मी बॅटरीनं बघितलंय. बुडात काही नाही."

"बुडावर नाही. बुडाच्या आत. मातीत."

नवऱ्यानं मान वर केली. तोही कुंभारच, त्यानं दोन पावलं पुढं येऊन मडक्यात हात घातला, आणि हात बाहेर काढल्यावर बापाकडे असा बघत राहिला की जणू हा माणूस कोण आहे हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

"आबा," तो म्हणाला, "का?"

म्हाताऱ्यानं शाईचा अंगठा धोतराला नव्हे, पुढ्यातल्या कागदाला पुसला. मग सावकाश बोलला. "नाणं तेव्हाच बुडाला चिकटलेलं होतं. पंचांनी काडीनं काढून बघितलं, निघेना, म्हणून तसंच मोजलं. बासष्ट आणि ते एक. मी मडकं उन्हातून आणणार, जुनं बूड, तडकेल म्हणून आत ओल्या मातीचा थापा दिला. आपल्याला सवय. तो वाळून वर बसला, नाणं दिसेनासं झालं. इथल्या साहेबांना मी म्हटलं, एक बुडाला आहे. ते म्हणाले, बरं बरं, जा. मग बारा वर्षांपूर्वी खापऱ्या कुटताना ते हातात आलं."

"मग तेव्हाच आणून का दिलं नाहीत?" बाईंनी विचारलं.

"बाई, अठ्ठावीस वर्षं लोक मला त्रेसष्ट म्हणत होते. नाणं घेऊन दारात उभा राहिलो असतो, तर तुम्ही काय म्हणाला असता? बघा, शेवटी काढलंच घरातून." तो थांबला. "म्हणून होतं तिथं ठेवलं. मडक्याला चीर जाणार हे ठाऊक होतं. जाऊ दिली."

 सुनेच्या डोळ्यांपुढं तिनं झाडलेले सगळे कोपरे आले, आणि तिला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"फोडावं लागेल," बाई म्हणाल्या. पण फोडायला त्यांचा हात होईना. चिठ्ठी लावलेली वस्तू फोडायची सवय त्यांच्या हाताला नव्हती. म्हाताऱ्यानं मडकं जवळ घेतलं, एकदा टिचकी मारून आवाज ऐकला, पोटावरून तळवा फिरवला. मग टेबलावरचा काचेचा वजनठोकळा उचलला आणि एकाच ठोक्यात बूड मोकळं केलं. जाड तुकडा दोन हातांनी मोडला. आत काळं पडलेलं, बोटाच्या पेराएवढं नाणं होतं.

बाईंनी ते टाचणीनं खरवडलं. खाली तांबडं दिसलं, एका बाजूला बैलाचं वशिंड. तराजूत टाकलं, वजन बघितलं, पंचांचा पिवळा कागद समोर ओढला आणि आकड्यापुढं टिक केली. मग बासष्टच्या वहीत लाल शाईनं एक आकडा खोडून दुसरा लिहिला. चाळीस वर्षांचं काम, त्याला एवढाच वेळ लागला. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं, तरी तो वाकून त्या आकड्याकडे बघत राहिला.

"तुमचं मी वर कळवणार आहे," बाई भिंगवाल्यांना म्हणाल्या. ते हो म्हणाले. ते बाहेर गेले तेव्हा भिंग टेबलावरच राहिलं होतं.

म्हातारा मात्र कामाला लागला होता. त्यानं खांद्यावरचं फडकं पसरून मडक्याचे तुकडे त्यात गोळा करायला सुरुवात केली, चुरासुद्धा तळहातानं ओढून घेतला.

"ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "ते संग्रहालयाचं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची खापरी आहे त्यात."

"आहेच की," म्हातारा म्हणाला. "म्हणून तर. पेटी रिकामी कशी ठेवणार तुम्ही? द्या, होतं तसं करून देतो."

बाईंनी फडक्यातल्या चुऱ्याकडे बघितलं.

"फक्त माती लागेल," तो म्हणाला. "त्याच खाणीतली. दुसरी चालायची नाही, रंग जमणार नाही."

"कुंपण आहे तिथं."

"आहे ना. तुमचंच आहे."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. हा भोळा की बेरकी, हे त्यांना ठरवता येत नव्हतं, हे अगदी स्पष्ट दिसत होतं. बाहेर आभाळ भरून यायला लागलं होतं आणि पडवीतल्या खापऱ्या आत घ्यायला हव्या होत्या, पण सून जागची हलली नाही.

शेवटी बाईंनी एक कोरा कागद ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. "एका मडक्यापुरती परवानगी लिहिते. किती दिवस लागतील?"

म्हाताऱ्यानं दुभंगलेला अंगठा वर धरला, उलटासुलटा करून बघितला.

"हात म्हातारा झालाय बाई," तो म्हणाला. "पहिल्या खेपेला जमेलच असं नाही. चार-पाच वर्षं धरून चला."

नवऱ्यानं खोकून तोंड फिरवलं. सुनेनं सासऱ्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. नऊ वर्षं बघत होती, आणि आजही तिला त्यात काही सापडलं नाही.